किती व्होल्टला शंभर टक्के?

पीव्ही ५१५० हा गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर १९९२ साली बाजारात आला. अमेरिकेत मिसिसिपी राज्यातल्या मेरिडियन गावच्या पीव्ही कंपनीने तो गिटारवादक एडी व्हॅन हेलनच्या सल्ल्याने बनवला. आराखडा कंपनीचे अभियंते जेम्स ब्राउन यांचा. ताकद १२० वॉट. पुढच्या भागात पाच १२एएक्स७ व्हॉल्व्ह, मागे चार ६एल६. २००४ साली व्हॅन हेलन आणि पीव्ही वेगळे झाले आणि हाच अ‍ॅम्प ६५०५ या नावाने विकला जाऊ लागला. व्हॅन हेलन हार्ड रॉकचा माणूस, पण या अ‍ॅम्पला खरं डोक्यावर घेतलं ते मेटलवाल्यांनी.

असा एक ५१५० ठाण्यातल्या एका स्टुडिओतून माझ्या भावाकडे दुरुस्तीला आला होता. आमचे वडील रेडिओ दुरुस्त करायचे, बहुतेक मर्फीचे, त्यांचा कारखानाच ठाण्यात होता. रेडिओतून व्हॉल्व्ह गेले तरी भावाने व्हॉल्व्हचं काम सोडलं नाही. माझी मुलगी मेटल वाजवते, घरीच रेकॉर्ड करते, आणि तिच्या लॅपटॉपमध्ये हाय-गेन, म्हणजे आवाज मुद्दाम भरपूर फाडणाऱ्या, अ‍ॅम्पची मॉडेलं आहेत. त्यातलं एक याच अ‍ॅम्पचं, मागच्या पावसाळ्यात त्याच स्टुडिओत केलेलं. मूळ आणि मॉडेल एका टेबलावर आले आणि मामा-भाचीची जुंपली. मी आकाशवाणीत ध्वनिमुद्रणाचं काम केलेलं असल्यामुळे मध्ये बोलायची मुभा मलाही होती. बरेच दिवस चाललेलं हे बोलणं इथे सलग मांडते आहे.

भाची : मामा, अ‍ॅम्प समोर आहे, मॉडेल लॅपटॉपमध्ये आहे. ऐक आणि ठरव ना.

मामा : ऐकतो गं. आधी सांग, तू मॉडेल म्हणतेस ते नक्की कशाचं? या पेटीत काय चालतं ते मला ठाऊक आहे. पिकअपमधून काही शे मिलिव्होल्ट येतात, पहिला व्हॉल्व्ह ते पन्नास-साठ पट करतो, मग गेनचा नॉब, मग पुढचा व्हॉल्व्ह, मग त्याच्या पुढचा. प्रत्येक टप्प्यावर लाट कुठून तरी कापली जाते. सोल्डानोचा एसएलओ-१०० बघ, १९८७ चा. त्यात एका व्हॉल्व्हच्या कॅथोडला ३९ किलोओहमचा रेझिस्टर आहे. तो व्हॉल्व्ह जवळजवळ बंदच बसलेला असतो, लाटेची एक बाजू सरळ उडवून टाकतो. हाय-गेन म्हणजे नुसता फाटलेला आवाज नव्हे. कुठल्या टप्प्यावर किती कापायचं आणि दोन टप्प्यांच्या मध्ये किती बेस काढून घ्यायचा, याचा तो हिशोब आहे. बेस काढला नाही तर तुमच्या त्या पाम-म्यूटचा, तळहात टेकवून दाबलेल्या ठोक्यांचा, चिखल होतो.

भाची : तो हिशोब तसाच्या तसा मांडणारी मॉडेलं आहेत. सर्किटमधल्या प्रत्येक रेझिस्टरचं, कपॅसिटरचं, व्हॉल्व्हचं समीकरण लिहायचं आणि आवाजाच्या प्रत्येक नमुन्याला ते सोडवायचं. डेव्हिड येह यांनी स्टॅनफर्डमध्ये २००९ साली यावरच पीएच.डी. केली. अ‍ॅक्स-एफएक्ससारखी यंत्रं सर्किटच्याच वाटेने जातात. पण माझं हे त्या जातीचं नाही, हे कॅप्चर आहे. तीनेक मिनिटांचा एक ठरलेला सिग्नल अ‍ॅम्पमधून पाठवायचा, बाहेर काय आलं ते रेकॉर्ड करायचं, आणि आत गेलेलं नि बाहेर आलेलं दोन्ही न्यूरल नेटवर्कला द्यायचं. नेटवर्क आपले आकडे बदलत बदलत तसाच आवाज काढायला शिकतं. व्हॉल्व्ह म्हणजे काय, हे त्याला माहीतही नसतं.

मामा : म्हणजे हे अ‍ॅम्पचं मॉडेल नाही. त्या तीन मिनिटांत, नॉब जिथे होते तिथे असताना अ‍ॅम्प जसा वागला, त्या वागण्याचं आहे.

भाची : बरोबर. आणि मला वाजवायला तेवढं पुरतं.

मामा : पुरतं कसं? हा गेनचा नॉब फिरवून दाखव.

गेनचा मुद्दा दिसतो त्याहून खोल आहे. कॅप्चरच्या पडद्यावर नॉब असतो, फिरवला की आवाज जास्त-कमी फाटतोही. पण तो फक्त आत येणारा सिग्नल लहान-मोठा करतो. खऱ्या अ‍ॅम्पमध्ये गेनचा नॉब पहिल्या व्हॉल्व्हच्या नंतर बसलेला असतो. तो कमी केला तरी पहिल्या व्हॉल्व्हला मिळायचं तेवढं मिळतच राहतं, कमी होतं ते पुढच्यांचं. शिवाय बऱ्याच अ‍ॅम्पमध्ये त्या नॉबवर एक छोटा कपॅसिटर असतो, त्यामुळे गेन खाली आणला की आवाज पातळ आणि उजळ होत जातो. कॅप्चरमध्ये यातलं काहीच होत नाही. भावाने हे नुसतं ऐकून सांगितलं, माहितीपत्रक न वाचता.

भाची : म्हणून मी एकाच अ‍ॅम्पची वेगवेगळ्या गेनवरची कॅप्चर ठेवते. मेटलमध्ये एका गाण्यात मी नॉबला हात तरी कधी लावते? ऱ्हिदमचा एक आवाज, लीडचा एक. ठरला की ठरला.

मामा : ठरवायला तरी फिरवून बघावा लागतो ना! नॉब फिरवता फिरवताच अ‍ॅम्प कळतो. तुझ्या पिढीला ठरलेले आवाज आयते मिळतात, ते कशाने झाले हे बोटांना कळतच नाही.

भाची : मग मी सर्किटवालं मॉडेल घेईन. त्यात तुझा नॉब जागच्या जागी आहे, कपॅसिटरसकट.

मामा : घे. पण ते एका आदर्श अ‍ॅम्पचं असणार, आराखड्यातल्या आकड्यांचं. नॉबमध्ये असतं ते पोटेन्शिओमीटर छापलेल्या किमतीपेक्षा वीस टक्के इकडे-तिकडे असलं तरी कारखान्यात पास होतं. एकाच दिवशी बांधलेले दोन ५१५० माझ्याकडे आण, पाचवर ठेवलेला गेन दोघांचा सारखा निघायचा नाही.

या ठिकाणी मी त्यांना थांबवलं. मॉडेल खरं की खोटं हे बोलत बसण्यापेक्षा ऐकून घेऊ म्हटलं. ऐकायची माझी एकच अट होती : दोन्हींची पातळी मोजून सारखी करायची. अर्धा-एक डेसिबल मोठा आवाज कानाला मोठा लागत नाही, चांगला लागतो. अशा तुलनांमधले निम्मे निकाल तिथेच खोटे पडतात, हे माझं नोकरीतलं ठाम मत आहे. मुलीने एक रिफ कोरी, म्हणजे अ‍ॅम्पशिवाय, रेकॉर्ड केली. तीच अ‍ॅम्पमधून आणि तीच मॉडेलमधून काढली. दोन्हींना पुढे कॅबिनेट, म्हणजे स्पीकरची पेटी, एकच.

जो निकाल लागला तो दोघांनाही अनपेक्षित होता. मॉडेलचा आवाज चोंदलेला होता. पाम-म्यूटच्या ठोक्याला धारच नव्हती, दोन ठोक्यांच्या मधली शांतता सुरसुरीने भरलेली. मुलगी खट्टू झाली. भाऊ मात्र खूश झाला नाही, संशयात पडला.

मामा : इतका फरक असायचं कारण नाही. तुझ्या त्या डब्यात गिटार जाते, पुढे कॉम्प्युटरला आकडे जातात. बरोबर? आता मला सांग, कॉम्प्युटरमध्ये शंभर टक्के दिसतं तेव्हा गिटारच्या वायरीवर किती व्होल्ट असतात?

भाची : म्हणजे? मी मीटर लाल व्हायच्या जरा खाली ठेवते. सगळे तसंच ठेवतात.

मामा : लाल म्हणजे किती व्होल्ट?

तिच्याकडे उत्तर नव्हतं. भावाने गिटार ऑसिलोस्कोपला लावली आणि तिला खालच्या तारांवर पॉवर कॉर्ड जोरात मारायला सांगितलं. हिरव्या रेषेचं टोक सव्वा व्होल्टच्या आसपास जाऊन खाली आलं. मग त्या डब्याचं, म्हणजे ऑडिओ इंटरफेसचं, माहितीपत्रक निघालं. त्यात लिहिलं होतं की इनपुटचा नॉब पूर्ण खाली असेल तर १२ डीबीयूला कमाल पातळी गाठली जाते. म्हणजे साधारण ३.१ व्होल्ट आरएमएस, टोकाला ४.४. कॅप्चर ज्याने केलं त्यानेही फाइलमध्ये हाच आकडा नोंदवून ठेवला होता : मॉडेलचे शंभर टक्के म्हणजे अ‍ॅम्पच्या तोंडाशी १२ डीबीयू. आणि मुलीचा नॉब खाली नव्हता. लाल रेषेच्या जवळ जायचं म्हणून तो दहा डेसिबल वर होता. दहा डेसिबल म्हणजे व्होल्टेजमध्ये तिपटीहून जास्त. खऱ्या अ‍ॅम्पला सव्वा व्होल्ट मिळत होता आणि मॉडेलला त्याच गिटारचे चार व्होल्ट मिळाल्यासारखे वाटत होते.

रेकॉर्डिंगमध्ये पातळी भरभक्कम ठेवावी ही सवय आम्हा टेपवाल्यांची. टेपला सुरसुर असायची, तिच्यावर मात करायला सिग्नल मोठा ठेवावा लागे. २४ बिटच्या जमान्यात ती गरज राहिली नाही, सवय राहिली. मॉडेलच्या बाबतीत ती घातकच आहे. हाय-गेन अ‍ॅम्पमध्ये पहिला व्हॉल्व्ह बेस काढून घेण्याच्या आधी असतो. तिथे तिप्पट सिग्नल ओतला की बेस अगोदरच फाटतो, आणि मग पुढे कितीही चाळला तरी साफ होत नाही. हाय-गेन मॉडेलं चोंदलेली वाटतात अशी तक्रार करणाऱ्यांपैकी कितीतरी जणांचं दुखणं मॉडेलमध्ये नसून इनपुटच्या या नॉबमध्ये असतं, असं मला तेव्हापासून वाटतं.

नॉब खाली आणला. मीटर पार खाली, मुलीला ते बघवेना. पण धार परत आली. पुन्हा ऐकलं, या वेळी कुठलं कुठलं हे फक्त मला माहीत होतं. रिफवर दोघांनाही ओळखता आलं नाही. एक लांब धरलेला सूर विरत विरत जातो तिथे मात्र भावाने बोट ठेवलं : हा कॉम्प्युटरचा. बरोबर होतं.

मामा : शेवटाला सूर विरताना खरा अ‍ॅम्प हळूहळू साफ होत जातो, मध्येच थोडा खरखरतो. तुझा जरा लवकर गुळगुळीत झाला.

भाची : त्याचं कारण सांगते. नेटवर्क शिकताना चूक मोजतं ती सगळ्या फरकांचा वर्ग करून. मोठ्या आवाजातल्या चुका त्यात भारी ठरतात, बारीक शेपटाच्या दिसतही नाहीत. तसंच बेसमध्ये ऊर्जा जास्त म्हणून बेसची चूक मोठी मोजली जाते, आणि आपला कान तर वरच्या मध्यम पट्टीत तिखट. फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातल्या लोकांनी २०२० च्या सुमारास हेच दाखवलं. चूक मोजायच्या आधी सिग्नल कानाच्या कलाने चाळून घेतला की मॉडेल कानाला जास्त पटतं.

मामा : म्हणजे शिकवणाऱ्याने काय तपासलं त्यावर विद्यार्थी काय शिकला ते ठरतं. बरं. पण आणखी एक. तू वरच्या तारेवर सूर ताणलास तेव्हा मागे एक बारीक शिट्टी खाली जाताना ऐकू आली. सूर वर जातोय, शिट्टी खाली. व्हॉल्व्हमध्ये असं मी जन्मात ऐकलेलं नाही.

भाची : ते अलायझिंग. तू पकडलंस, मान्य. सेकंदाला ४८ हजार नमुने घेतले तर २४ किलोहर्ट्झच्या वरचं काही मावत नाही. फाटलेला आवाज मात्र वरची पटीतली कंपनं तयार करत सुटतो. पाच किलोहर्ट्झच्या घटकाची सातवी पट ३५. ती मावत नाही म्हणून उलटी वळून १३ वर येऊन बसते. तू पाच वर नेलेस की ती तेराच्या खाली येते. सर्किटवाली मॉडेलं आतल्या आत चौपट-आठपट नमुने घेऊन हे दाबतात. कॅप्चरला ते सहज जमत नाही. ४८ वर शिकलेलं मॉडेल तसंच ९६ वर चालवलं तर तो वेगळाच अ‍ॅम्प होतो. जितका गेन जास्त तितका हा त्रास जास्त. क्लीन आवाजाची मॉडेलं उगाच नाही पहिल्यापासून चांगली वाटत.

मामा : मग हाय-गेनचाच हट्ट का?

भाची : कारण हाय-गेनचा खरा अ‍ॅम्प मला वाजवताच येत नाही, मामा! क्लीनचा छोटा अ‍ॅम्प मी घरी ठेवू शकते. हा कुठे ठेवू? नियमाने राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री दहानंतर ४५. सेलेशनचा व्हिंटेज ३० स्पीकर एका वॉटला एका मीटरवर १०० डेसिबल देतो. १२० वॉट म्हणजे त्यावर आणखी वीस. आमच्या मजल्यावर चार फ्लॅट आहेत.

मामा : मास्टर व्हॉल्यूम खाली ठेव. यातलं फाटणं बहुतेक पुढच्याच व्हॉल्व्हमध्ये होतं.

भाची : ठेवते की. मग स्पीकर हलत नाही, आणि हळू आवाजात कानाला बेस आणि ट्रेबल कमी ऐकू येतात, म्हणून सगळं पुठ्ठ्यासारखं लागतं. आणि अ‍ॅम्प कुठून आणू, तोही प्रश्न आहेच. हा स्टुडिओवाल्याचा अमेरिकन आहे, १२० व्होल्टचा, म्हणून बाजूला तो विटेएवढा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर. माझ्यासारखीला हा आवाज पहिल्यांदा हाताखाली मिळाला तो मॉडेलमुळे. तू रंगभवनला ऐकलास, मी लॅपटॉपवर.

रंगभवनचं नाव निघाल्यावर भाऊ जरा वेळ बोलला नाही. धोबी तलावचं ते खुलं नाट्यगृह. १९८६ पासून तिथे इंडिपेंडन्स रॉक व्हायचं, कॉलेजच्या वयात तो जायचा. पुढे ती जागा शांतता क्षेत्रात गेली आणि रॉकचे कार्यक्रम थांबले. कायद्याच्या बाजूने मी आहे, जवळ रुग्णालय आहे. पण मोठ्या आवाजातला अ‍ॅम्प अंगावर घेण्याची जागा शहरातून गेली आणि मॉडेल घरात आलं, या दोन गोष्टी एकाच मुंबईत घडल्या आहेत.

मामा : रंगभवनला मी जे ऐकलं ते तुझ्या मॉडेलमध्ये नाही, आणि ते चांगलं-वाईट आवाजाचं नाही. तिथे गिटारवाला सूर धरायचा आणि स्पीकरकडे तोंड करून उभा राहायचा. स्पीकरचा आवाज हवेतून तारेवर येतो, तार पुन्हा हलते, तिचा आवाज पुन्हा स्पीकरमध्ये. सूर मरत नाही, वरच्या सप्तकात उडी मारतो. एक पाऊल मागे सरकला की दुसरीकडे उडी. हाय-गेनचा अर्धा जीव त्यात आहे. हेडफोन लावून बसलेल्या तुला तार काय उत्तर देणार?

भाची : मॉडेलचा आवाज पॉवर अ‍ॅम्पमध्ये घालते आणि समोर खरं गिटार कॅबिनेट ठेवते. हेडचंच कॅप्चर असलं, कॅबिनेटशिवायचं, तर काहीच अडत नाही. तार, हवा, स्पीकर, सगळं परत येईल. उशीर होतो तो जाऊन-येऊन सात-आठ मिलिसेकंदांचा, स्पीकरपासून अडीच मीटरवर उभं राहिल्याइतका. म्हणजे तुझं भांडण मॉडेलशी नाहीच, हेडफोनशी आहे.

यावर भावाने मान डोलावली आणि दुसऱ्याच दिवशी आपल्या दुरुस्तीच्या दुकानात करूनही पाहिलं, शटर अर्धं ओढून. सूर उडी मारत होता. मुलीचा हा मुद्दा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. मॉडेलवर ठेवलेले बरेचसे आरोप मॉडेलच्या आजूबाजूच्या गोष्टींचे असतात : इनपुटची पातळी, हेडफोन, खोलीतला हळू आवाज. हळू आवाजात बसवलेला टोन घ्या. कान बेस मागतो म्हणून बेस चढवला जातो, चमक हवी म्हणून ट्रेबल. तोच टोन कार्यक्रमात मोठ्या स्पीकरवर गेला की बेस घुमतो आणि ट्रेबल कानात घुसतो, आणि बोल मॉडेलला बसतो. मोठ्या आवाजासाठीचा टोन मोठ्या आवाजातच बसवावा लागतो, अ‍ॅम्प खरा असो वा आकड्यांचा.

कॅबिनेटची गोष्टही अशीच. कॅबिनेट आणि मायक्रोफोन मिळून जे होतं ते एका छोट्या फाइलीत मावतं, इम्पल्स रिस्पॉन्समध्ये. ४८ किलोहर्ट्झला २०४८ नमुन्यांची फाइल म्हणजे जेमतेम ४३ मिलिसेकंद. पण स्पीकरच्या मधल्या टोपीसमोरचा शुअर एसएम५७ माइक दोन बोटं बाहेर सरकवला तर जेवढा फरक पडतो, तेवढा कधी कधी एक अ‍ॅम्प काढून दुसरा लावल्यानेही पडत नाही. मुलगी आधी ही फाइल निवडते, अ‍ॅम्पचं मॉडेल नंतर. माझ्या मते हाच क्रम योग्य आहे, आणि स्टुडिओतल्या जुन्या माणसांचाही तोच होता : आधी माइक हलवा, मग नॉब.

दुरुस्ती संपत आली तसं भांडण पुन्हा तापलं. अ‍ॅम्पच्या एका ६एल६ च्या स्क्रीनचा रेझिस्टर जळला होता आणि व्हॉल्व्हही गेला होता. भाऊ पेटी उघडतो ते पाहण्यासारखं असतं. प्लग काढून ठेवलेला. डावा हात खिशात. उजव्या हाताने फिल्टर कपॅसिटरवर आधी मीटर लावतो, कारण बंद अ‍ॅम्पमध्येही शेकडो व्होल्ट दबा धरून असतात. मग एक जाड रेझिस्टर टेकवून आकडा खाली येईपर्यंत धरून ठेवतो. शून्य दिसलं तरी पुन्हा एकदा मीटर लावतो. मगच स्क्रू-ड्रायव्हर. त्याने चारही व्हॉल्व्ह बदलले, एका जोडीचे. या अ‍ॅम्पमध्ये कारखान्याने बायस, म्हणजे व्हॉल्व्ह नुसता बसलेला असताना वाहणारा प्रवाह, पक्का ठेवलेला आहे आणि तोही थंड. फिरवायला नॉबच नाही. मालकाला विचारून भावाने तिथे एक छोटा ट्रिमर बसवला आणि बायस थोडा गरम केला. वाजवून बघितलं तर आवाज भरीव झाला होता आणि मागच्या पावसाळ्यातल्या कॅप्चरशी जुळेना.

मामा : बघ. तुझं मॉडेल आता कशाचं आहे? तो अ‍ॅम्प राहिला नाही.

भाची : म्हणून तर बरं झालं कॅप्चर केलं ते! जुन्या व्हॉल्व्हवरचा तो आवाज आता फक्त माझ्याकडे आहे. माझ्या तीन गाण्यांची ऱ्हिदम त्यावर झाली आहे. अ‍ॅम्प बदलला म्हणून मी गाणी पुन्हा वाजवू?

मामा : अ‍ॅम्प सुधारला!

भाची : तुझ्या दृष्टीने. मला तो थंड, कोरडा आवाजच हवा होता. ठोक्याला धार त्यामुळेच होती.

मामा : बरं, ते तुझ्या कानावर सोडू. तीस वर्षांनी काय? हा १९९२ सालच्या आराखड्याचा अ‍ॅम्प आज मी उघडला, कागदावरचं सर्किट बघितलं आणि चालू करून दिला. तुझं सॉफ्टवेअर तीस वर्षांनी कुठल्या कॉम्प्युटरवर उघडेल?

भाची : आणि व्हॉल्व्ह कुठून येतील? एक कारखाना स्लोव्हाकियात, एक रशियात सराटोव्हला, बाकी चीन. २०२२ मध्ये रशियाने निर्यात अडवली तेव्हा तूच महिनाभर चिडचिड करत होतास. माझी फाइल म्हणजे आकड्यांची यादी आहे. कंपनीच्या कुलुपातली मॉडेलं बुडतील, ते खरं. पण माझं कॅप्चर ज्यात चालतं ते न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर मुक्त स्रोत आहे. आकड्यांचं काय करायचं ते उघड लिहिलेलं आहे. तुझ्या सर्किटच्या कागदासारखंच. ज्याला वाचता येईल तो पुन्हा चालू करेल.

मामा : कागदावर मी किमती वाचतो. कुठला रेझिस्टर जळला ते शोधतो. तुझ्या यादीतला हजारावा आकडा काय करतो, हे सांगू शकशील?

भाची : नाही. कोणीच नाही सांगू शकत.

मामा : मला तेच खुपतं. दुरुस्त करता येत नाही ती वस्तू माझ्या हाताला आपली वाटत नाही.

भाची : आणि मला वाजवायला मिळत नाही ती.

मी यात निवाडा केला नाही. पण एक सुचवलं. जुनं कॅप्चर राहू दे, अ‍ॅम्प परत द्यायच्या आधी नवंही करून घ्या. मेटलमध्ये ऱ्हिदम दोनदा वाजवून एक डावीकडे, एक उजवीकडे ठेवतातच. एका बाजूला जुने व्हॉल्व्ह, दुसरीकडे नवे, असं ऐकून तरी बघता येईल. दोघेही लगेच तयार झाले. फक्त भावाने अट घातली.

मामा : या वेळी फाइलबरोबर नोंद राहील. इनपुटचे शंभर टक्के किती व्होल्ट, ते तर हवंच. व्हॉल्व्ह कुठले, बायसला किती मिलिअँपिअर, प्लेटला किती व्होल्ट, प्रत्येक नॉब कुठे, लोडला खरा स्पीकर होता की त्याच्या जागी लावायचा, आवाज न करणारा लोड बॉक्स. आणि मेन्सचं व्होल्टेज.

भाची : मेन्सचं कशाला?

मामा : या अ‍ॅम्पला रेग्युलेटर नाही. भिंतीत २४५ आले तर या ट्रान्सफॉर्मरमधून १२० च्या जागी १२८ निघतात, प्लेटवरही तेवढ्याच प्रमाणात चढतात, बायस सरकतो, व्हॉल्व्हचा हीटर जास्त तापतो. मागच्या वेळी किती होतं?

भाची : कोणी बघितलं होतं? संध्याकाळ होती, एवढं आठवतं.

मामा : संध्याकाळी इथे पडतं, सगळ्यांचे एसी चालू होतात. मग जुळणार कसं? उद्या दोनदा करू. एकदा सकाळी लवकर, एकदा आठ वाजता. मीटर भिंतीला लावून ठेवतो, तू आकडा लिहीत जा.

भाची : सकाळी लवकर म्हणजे किती? १२० वॉट आहेत, मामा.

मामा : लोड बॉक्स लावू. शेजाऱ्यांना कळणारही नाही.